जाऊ दे म्हणण्याआधी

विलेपार्ले, मुंबई

प्रिय मनू,

काल तिथल्या, अमेरिकेतल्या तुझ्या लॅबच्या ग्रुपमधला तो मेसेज वाचून दाखवलास आणि लगेच म्हणालीस, "जाऊ दे गं आई." लोकलमध्ये धक्का लागला तर जाऊ दे म्हणावं. तुझ्या रंगावरून, बोलण्यावरून कुणी 'आपल्या देशात परत जा' लिहिलं तर त्याची नोंद ठेवायची. तक्रार करायची का, हे चार दिवसांनी ठरव, पण नोंद आजच कर. चार दिवसांत मेसेज डिलीट होतात.

स्क्रीनशॉट घेताना नुसतं ते वाक्य कापू नकोस. वरचे-खालचे दोन-तीन मेसेज, तारीख आणि वेळ दिसू दे. व्हॉट्सअ‍ॅपवर तू सेव्ह केलेलंच नाव दिसतं, म्हणून त्या नावावर टॅप करून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घे. मग चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर. इन्स्टाग्रामवर किती तासांपूर्वीची पोस्ट एवढंच दिसतं, तेव्हा वेळ हाताने लिहून ठेव आणि प्रोफाइलची लिंकही घे. स्टोरी 24 तासांत जाते. स्नॅपचॅट तर स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळवतं. तिथे मैत्रिणीच्या फोनने फोटो काढ. हे सगळं झाल्यावर रिपोर्ट, आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी. आधी रिपोर्ट केलंस आणि पोस्ट उडाली, तर दाखवायला काही उरत नाही. रागाने उत्तरही देऊ नकोस बाळा, पुढे तुझंच वाक्य तेवढं कापून दाखवतील.

कुणी तोंडावर बोललं तर त्याच रात्री शब्द जसेच्या तसे वहीत लिही, इंग्रजीत, शिवीसकट. 'घाणेरडं बोलला' यातून चौकशी करणाऱ्याला काहीच कळत नाही. कुठे, किती वाजता, शेजारी कोण होतं, तेही लिही.

एवढा आग्रह का, ते सांगते. सरकारी विद्यापीठात भाषणस्वातंत्र्यामुळे एखाद्या वाक्यावर शिक्षा होईलच असं नाही. धमकी असेल, किंवा तुलाच पुन्हा पुन्हा लक्ष्य करून शिकणं अवघड केलं असेल, तर विद्यापीठाला हालचाल करावी लागते. 'पुन्हा पुन्हा' हे तुझ्या वहीतूनच सिद्ध होणार. तिथल्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स, म्हणजे सहावा भाग, वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून भेदभावाला बंदी घालतं. तिथल्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला ते लागू आहे आणि त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागत नाही. तक्रार केली म्हणून तुला त्रास देणंही बेकायदा आहे. तिथल्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात 180 दिवसांत तक्रार करता येते. विद्यापीठात चौकशी चालू आहे म्हणून ही तारीख विसरू नकोस.

अर्ज दिला की पोच घ्यायची, हे आपल्या वॉर्ड ऑफिसात शिकलेलं तिथेही चालतं. केस नंबर माग. तोंडी बोलणं झालं तर 'आज आपलं असं ठरलं' असा मेल कर. आणि फक्त शिक्षेची वाट बघू नकोस. लॅबचा गट बदलून दे, त्याने माझ्याशी संपर्क करू नये असा लेखी आदेश दे, सबमिशनला मुदत दे, हे लगेच मागता येतं. प्रोफेसर किंवा हॉस्टेलच्या आर.ए.ला (मुलांची देखरेख करणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याला) सांगितलंस तर बऱ्याच ठिकाणी त्यांना ते वर कळवावं लागतं. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर आधी काउन्सेलरकडे जा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस: वैतागून कोर्स सोडणं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर बॅचलर्सला दर सेमिस्टरला साधारण 12 क्रेडिट हवेत. त्याखाली गेलीस तर व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. तब्येतीमुळे कमी करायचे असतील तर डॉक्टरचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र घेऊन आधी डी.एस.ओ.ची (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याची) परवानगी घे, मगच कोर्स सोड.

आणि आपली मुलं कृष्णवर्णीय वर्गमित्राला 'कालू' म्हणतात, आडनाव विचारून जात काढतात, तेव्हाही गप्प बसू नकोस. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने 2022 मध्ये भेदभावाविरुद्धच्या धोरणात जात घातली, ती आपल्याच लोकांमुळे. तुझ्यासाठी जी वही, तीच असा त्रास झालेल्या त्या मुलांसाठी. साक्षीला उभी राहा.

तो स्क्रीनशॉट आज मला मेल कर. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे बारीक अक्षरं धूसर होतात. तुझे रात्रीचे दहा म्हणजे माझे सकाळचे साडेसात, मी चहा घेऊन बसलेली असते.

तुझी
आई