प्रदर्शनात मुलांना ॲप बदलायला सांगा

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांमध्ये मोबाइल ॲप मांडणारी मुले आता बरीच दिसतात. परीक्षक ॲप उघडून पाहतात, कौतुक करतात आणि गुण देऊन पुढच्या टेबलाकडे वळतात. असे ॲप कृत्रिम बुद्धिमत्तेकडून (एआयकडून) काही मिनिटांत करून घेता येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून काही शिक्षक म्हणतात, मुलांना ही मदत घेऊच देऊ नका. मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी.

तिच्या घरी गाई आहेत. डेअरीतून मिळणाऱ्या पावत्यांवरून दहा दिवसांचे बिल आपल्यालाही काढता यावे, एवढेच तिला हवे होते. ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन आमच्या वर्गात वापरतो. गूगलने ते २०१० मध्ये आणले, पुढे ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेकडे गेले. त्यात कोड टाइप करावा लागत नाही, पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. तिने आपली अडचण एआयला मराठीत लिहून सांगितली. कोणता ठोकळा कुठे जोडायचा, हे त्याने मराठीतच सांगितले. इंग्रजीत चूक दाखवणारी ओळ आली की माझी निम्मी मुले हात आखडता घेत. ती भिंत एवढ्या लवकर पडेल, असे मला वाटले नव्हते.

ॲप चालू झाले, पण बिल डेअरीपेक्षा जास्त येई. वडील म्हणाले, डेअरीवालेच कमी देत असतील. मुलीने वही काढली. सकाळचे ६ लिटर ३.५ टक्के फॅटचे, म्हणजे स्निग्धांशाचे, संध्याकाळचे ४ लिटर ४.५ फॅटचे. एआयने सांगितल्याप्रमाणे दोन्ही फॅटची बेरीज करून दोनाने भागले होते, म्हणजे ४.०. पण सकाळचे दूध जास्त असल्यामुळे खरी सरासरी ३.९ येते. फॅटच्या एका दशांशाने लिटरचा दर बदलतो, हे दूध घालणाऱ्या घरातल्या मुलीला सांगावे लागत नाही. ठोकळे तिने स्वतः जोडले होते. त्यामुळे भागाकाराचा ठोकळा तिला लगेच सापडला आणि प्रत्येक वेळच्या दुधाचा हिशेब तिने वेगळा केला. त्या दिवशी ती भारित सरासरी, म्हणजे ज्याचे प्रमाण जास्त त्याला जास्त वजन देणारी सरासरी, शिकली. मी फळ्यावर शिकवली असती तर इतकी पक्की झाली नसती.

त्याच वर्गातल्या एका मुलाने पूर्ण ॲप आयते मागून घेतले. दिसायला ते हिच्यापेक्षा देखणे होते. पण ते फोनमधले संपर्क आणि ठिकाण पाहण्याची परवानगी मागत होते. अभ्यासाचे वेळापत्रक दाखवणाऱ्या ॲपला संपर्क कशाला लागतात, असे विचारल्यावर तो गप्प झाला. दोष त्याचा नाही. हा प्रश्न त्याला आधी कोणी विचारलाच नव्हता.

धारावीतल्या शाळकरी मुलींनी काही वर्षांपूर्वी याच ॲप इन्व्हेंटरवर, सार्वजनिक नळावर पाणी भरायची आपली पाळी आली की फोनवर कळावे, असे ॲप केले होते. तेव्हा मदतीला असा एआय नव्हता. आज त्यांचे काम कितीतरी सोपे झाले असते. पण नळावरची रांग कुठे अडते, हे त्यांनाच ठाऊक होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून कोडिंगचा उल्लेख केला आहे. हे कोडिंग शाळांनी अशा घरच्या अडचणींपासून सुरू करावे, असे मला मनापासून वाटते. पहिले छोटे ॲप मुलाने हाताने जोडावे, मगच एआय द्यावा. आमच्या शाळेत दहाबारा मुलांमागे एक संगणक आहे. तरीही हे जमते, कारण पडद्यांचा आराखडा आधी कागदावर काढता येतो.

परीक्षकांना माझी विनंती आहे. एआय वापरला म्हणून गुण कापू नका. मुलाला समोर बसवा आणि ॲपमध्ये एक लहानसा बदल तिथल्या तिथे करायला सांगा. ॲप कोणकोणत्या परवानग्या मागते आणि का, हेही विचारा. त्यासाठी प्रत्येक टेबलाला निदान दहा मिनिटे द्यावी लागतील. आयोजकांनी वेळापत्रक आखतानाच ती धरावीत.

आपली,
एक संगणक शिक्षिका, सांगली जिल्हा