एडिटरमध्ये दिसते ते पान ब्राउझरमध्ये मोडते : दुरुस्ती किंवा परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हिज्युअल एडिटरच्या कोडमधील दोष

महोदय,

‘पडद्यावर दिसेल तसेच पान प्रकाशित होईल’ या आपल्या हमीवर विसंबून आपल्या व्हिज्युअल एडिटरचे (कोड न लिहिता घटक ओढून वेबपान बनवण्याच्या साधनाचे) वार्षिक सदस्यत्व घेतले. प्रत्यक्षात तसे होत नाही.

कोणताही घटक ओढून ठेवला की एडिटर त्याला ‘पोझिशन ॲब्सोल्यूट’ (घटक ठरावीक जागी खिळवणारा नियम) लावतो आणि जागा, रुंदी, उंची सगळे पिक्सेलमध्ये बांधून टाकतो. एडिटरच्या १२०० पिक्सेल रुंद कॅनव्हासवर हे नीट दिसते. ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर पान आडवे सरकवावे लागते. मोबाइलची मांडणी वेगळी करा, असे आपला मदत कक्ष सांगतो. तशी केली की त्याच मजकुराची दुसरी प्रत तयार होते आणि पहिली ‘डिस्प्ले नन’ (घटक न दाखवण्याचा नियम) लावून नुसती लपवली जाते. एका प्रतीत फोन नंबर बदलला तरी दुसरीत जुनाच राहतो. हा दोष सर्वांत घातक, कारण तो एडिटरमध्ये दिसतच नाही.

मराठी मथळ्यांचे हाल वेगळेच. ३२ पिक्सेलच्या अक्षराला चौकटही ३२ पिक्सेल उंचीची, वर ‘ओव्हरफ्लो हिडन’, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते लपवणारा नियम. त्यामुळे ‘कीर्ती’चा रफार वरून आणि ‘कृपया’चा ऋकार खालून छाटला जातो. इथे उंची नव्हे, किमान उंची द्यायला हवी. शिवाय ‘मथळा’ निवडूनही कोडमध्ये एच१ऐवजी (मुख्य मथळ्याच्या खुणेऐवजी) साधा डिव्ह (विशेष अर्थ नसलेली चौकट) येतो, म्हणजे स्क्रीन रीडरच्या (अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी पानावर मथळाच नाही.

एक्स्पोर्ट केलेल्या (स्वतःकडे उतरवून घेतलेल्या) पानाची सीएसएस, म्हणजे मांडणी आणि रूप ठरवणारा कोड, आपल्याच सर्व्हरवरून येते. सदस्यत्व संपताच मांडणी गळून पडते. मग एक्स्पोर्टचा उपयोग काय?

पडताळणी सोपी आहे. रिकाम्या पानावर एक मथळा, एक परिच्छेद आणि एक फोटो ठेवा, प्रकाशित करा आणि ब्राउझरची रुंदी ३२० पिक्सेल करून पाहा. डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एवढ्या रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे.

मांडणी फ्लेक्सबॉक्स किंवा ग्रिड या पडद्यानुसार जुळवून घेणाऱ्या सीएसएस पद्धतींवर आणावी, दोन्ही पडद्यांसाठी मजकुराची एकच प्रत ठेवावी आणि सीएसएस एक्स्पोर्टसोबत द्यावी. ३० दिवसांत हे होणार नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत करावे. तोवर सदस्यत्वाचे आपोआप नूतनीकरण थांबवून तसे लेखी कळवावे.

आपला,
एक सदस्य