आई-बाबा, चारच्या चहासोबत डोनट खा!

प्रिय आई आणि बाबा,

आई, फोनवर तू म्हणालीस ना, "प्रोटीनचं डोनट म्हणजे आता औषध चॉकलेटमध्ये बुडवून देणार का आम्हाला?" त्याचं उत्तर नीट लिहूनच पाठवतोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि बाबा स्पीकर लांब ठेवून टीव्ही बघत बसतात.

आधीच सांगून टाकतो, ओव्हनमधलं डोनट तळलेल्या डोनटसारखं लागत नाही. "फरकच कळत नाही" असं म्हणणारे लोक एकतर थापा मारतात नाहीतर त्यांनी खरं तळलेलं डोनट कित्येक वर्षांत खाल्लेलं नसतं. तळल्यावर बाहेरून जी कड खुसखुशीत होते आणि आत तेल मुरतं ती मजा इथे नाही, हा मधे भोक असलेला मऊ चॉकलेट केक आहे एवढं धरून चाललात तर मात्र खूश व्हाल.

आता मी याच्या मागे का लागलोय ते. तुम्ही दोघं चार वाजता चहासोबत चार बिस्किटं खाता, आणि मग "पोट भरलंय" म्हणून रात्री अर्धवट जेवता. त्या चार बिस्किटांत प्रोटीन जेमतेम दोन ग्रॅम असतं, बाकी मैदा आणि साखर. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर ते झपाट्याने होतं, सार्कोपेनिया म्हणतात त्याला. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रोटीन पुरतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण 2013 साली प्रॉट-एज नावाच्या तज्ज्ञांच्या गटाने पासष्टीच्या पुढच्यांसाठी ते 1 ते 1.2 ग्रॅम असावं असं सांगितलं, कारण वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनमधून शरीर पूर्वीइतके स्नायू बांधत नाही. म्हणजे बाबा 65 किलो धरले तर दिवसाला 65 ते 78 ग्रॅम, आणि तेही एकदम एका जेवणात नाही, प्रत्येक जेवणात 25-30 ग्रॅम असं वाटून. तुमचा दिवस मी मनातल्या मनात मांडून बघितला आणि बेरीज काही तिथे पोचेना.

बरं, जास्त खा म्हणून सांगणं सोपं आहे. पण भूक कमी झालीये, बाबांच्या कवळीमुळे कडक काही चावत नाही, आणि उकडलेलं अंडं समोर ठेवलं की आईचं तोंड वाकडं होतं. म्हणून म्हटलं जे तसंही गोड म्हणून खाणारच आहात त्यातच काहीतरी घालावं. डोनट मऊ आहे, चावायला त्रास नाही, आणि चॉकलेटला तुम्ही दोघं नाही म्हणालात असं मला तरी आठवत नाही.

आता डोनटमध्ये घालायची व्हे प्रोटीनची पावडर, जिच्यावर आईचा सगळ्यात जास्त राग आहे. व्हे म्हणजे काही कारखान्यात शोधून काढलेलं रसायन नाही गं. दूध फाडलं की जे हिरवट पाणी उरतं ना, जे तू कणीक भिजवायला ठेवतेस, त्याच जातीचं. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण 80 टक्के केसीन असतं, चीज करताना ते घट्ट होऊन बाजूला होतं, आणि उरलेलं 20 टक्के पाण्यात जातं. तेच पाणी गाळून, सुकवून पावडर करतात. बाबांना दुधाने गॅस होतो तर आयसोलेट लिहिलेलं, म्हणजे जास्त गाळून शुद्ध केलेलं घ्यायचं, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) जवळजवळ नसतंच. आणि डब्यावर मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, असं लिहिलं असेल तर हातसुद्धा लावू नका, त्यात प्रोटीन थोडं आणि साखरेसारखे पिष्ट पदार्थच भरलेले असतात. डबा उलटा करून बघायचं, 30 ग्रॅमच्या मापात 22-24 ग्रॅम प्रोटीन असलं पाहिजे आणि घटकांची यादी छोटी असली पाहिजे, बाकी समोरच्या बाजूला काय छापलंय ते वाचायचीच गरज नाही. भाजल्यावर प्रोटीन "मरतं" असंही कोणीतरी बाबांना सांगितलंय वाटतं. मरत वगैरे नाही, उष्णतेने त्याची घडी उलगडते, अंडं उकडल्यावर होतं तेच, पोटात जाऊन पचायचं ते पचतंच.

गोम वेगळीच आहे. व्हे ओव्हनमध्ये फार लवकर आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं, म्हणून प्रोटीनचे केक, मफिन बहुतेक वेळा रबरासारखे होतात आणि लोकांना वाटतं हेल्दी म्हणजे असंच असणार. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे हावरटपणा करायचा नाही, सगळ्या कोरड्या जिन्नसांत पावडर पाव भागाच्या आत ठेवायची, आणि ओलावा धरून ठेवणारं काहीतरी भरपूर घालायचं. दुसरा उपाय म्हणजे डोनटचा आकार. मधल्या भोकामुळे पीठ कुठेच फार जाड राहत नाही, त्यामुळे नऊ ते अकरा मिनिटांत आतपर्यंत भाजून होतं. तेच पीठ केकच्या भांड्यात ओतलं तर मधलं शिजेपर्यंत कडा वाळून जातात. म्हणजे भोक नुसतं दिसायला नाहीये, या पिठाला ते खरंच लागतं.

तर आई, आता लिहून घे, आठ डोनट होतात. ओट्स मिक्सरमधून एकदम बारीक करून त्याचं पीठ 90 ग्रॅम, व्हे 30 ग्रॅम, कोको पावडर 20 ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, हे सगळं दोनदा चाळून घे, कारण व्हेच्या गुठळ्या नंतर फुटत नाहीत. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, पाणी निथळलेलं घट्ट दही 120 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, तेल एक मोठा चमचा आणि थोडं व्हॅनिला. दही चक्क्याइतकं घट्ट हवं, पातळ दही घातलंस तर भाजूनही आत गिच्च राहतं. हे फेटून झालं की कोरडं त्यात घाल आणि फक्त एकजीव होईपर्यंतच हलव, तू केकचं फेटतेस तसं दहा मिनिटं फेटत बसू नकोस प्लीज. मग पाच-सात मिनिटं तसंच ठेव, ओट्स पाणी पितात, आणि त्यानंतरच ठरव दूध किती लागतंय, सहसा दोन-तीन चमचे पुरतं. चमच्यावरून जाड धारेने पडलं पाहिजे. ओव्हन 175 डिग्रीला आधीच तापलेला हवा. साच्याला तेलाचा हात लावून, प्लास्टिकच्या पिशवीत पीठ भरून कोपरा कापून साच्यात सोड, दोन तृतीयांशच भर नाहीतर फुगून भोक बुजतं.

भाजायला 9 ते 11 मिनिटं. नवव्या मिनिटाला बोटाने हलकं दाबून बघ, खड्डा परत वर आला की लगेच बाहेर काढ, "अजून दोन मिनिटं राहू दे, कच्चं नको" हा तुझा जो स्वभाव आहे ना तो या पदार्थाला चालत नाही, त्या दोन मिनिटांतच सगळा ओलावा जातो. बाहेर काढल्यावरही गरम साच्यात ते थोडं शिजतच असतं. पाच मिनिटांनी उलटं करून जाळीवर ठेव.

कोकोचं एक सांगायचं राहिलं. साधी कोको पावडर थोडी आंबट असते, म्हणून सोडा तिच्याशी आणि दह्याशी मिळून पीठ फुगवतो. डच प्रोसेस लिहिलेली असली तर तिचा आंबटपणा आधीच काढून टाकलेला असतो, रंग जास्त गडद येतो पण तेव्हा सोडा वगळून बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढवायची. रंग काळा यावा म्हणून जास्तीचा सोडा टाकायचा मोह होतो पण मग साबणासारखी चव येते. आणि चॉकलेटचा वास जास्त हवा असेल तर कोको आधी दोन-तीन चमचे गरम दुधात कालवून ठेव, मग ते वरचं दूध घालायचं नाही. मला विचारशील तर या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या कोकोनेही पडत नाही. झोपेची काळजी करू नकोस, एका डोनटमधल्या कोकोत कॅफीन पाच-सहा मिलिग्रॅमच असतं, तुमच्या चहाच्या कपात त्याच्या कितीतरी पट असतं आणि तो तुम्ही रात्री आठलाही पिता!

साखरेवर बाबा नक्की बोलणार. 40 ग्रॅम भागिले आठ, म्हणजे डोनटमागे 5 ग्रॅम, एक छोटा चमचा. डब्ल्यूएचओ म्हणतं की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम, त्यात मधही धरलेला आहे, त्यामुळे साखरेऐवजी मध घातला की हेल्दी झालं असं काही नसतं. खजुराच्या पेस्टचंही तसंच, तंतू मिळतात हे खरं पण शंभर ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमच्या वर साखर असते. पूर्ण साखर काढून स्टीव्हिया वगैरे घालून बघायला हरकत नाही, पण साखर नुसती गोडीसाठी नसते, ती केकमध्ये ओलावाही धरून ठेवते, ती काढली की पुन्हा तेच कोरडं प्रकरण. म्हणून मी ती थोडी ठेवलीये. आणि बाबा, ओट्सनेही शुगर वाढतेच, तेव्हा एक खा, दोन तासांनी मशीनवर बघा आणि लिहून ठेवा. बीपीचं म्हणाल तर सोडा, बेकिंग पावडर, मीठ, अंडी सगळं धरून एका डोनटमध्ये सोडियम 120 ते 150 मिलिग्रॅम येतं, दिवसाची मर्यादा 2000, म्हणजे चालेल, फक्त त्याच्यासोबत खारे दाणे नकोत.

वरून लावायला 40 ग्रॅम डार्क चॉकलेट, 70 टक्केवालं, एक छोटा चमचा तेल घालून वितळव आणि डोनटचं फक्त डोकं त्यात बुडव. भांडं पूर्ण कोरडं हवं, पाण्याचा एक थेंब गेला तरी चॉकलेट आखडून गोळा होतो. बदाम, अक्रोडाचे तुकडे मी मुद्दाम सांगत नाहीये, कवळीखाली गेले की बाबा दोन दिवस जेवायचे नाहीत.

सगळी बेरीज केली तर चॉकलेट सोडून एका डोनटमध्ये साधारण 8 ग्रॅम प्रोटीन आणि 135 च्या आसपास कॅलरी. दुकानातल्या चॉकलेट डोनटमध्ये प्रोटीन तीन-चार ग्रॅम आणि कॅलरी जवळजवळ दुप्पट असतात. सोबत कपभर दूध घेतलंत तर 14-15 ग्रॅमपर्यंत जातं (बाबांना दूध झेपत नसेल तर वाटीभर दही). जेवणाची जागा हे घेणार नाही, आणि हेल्दी आहे म्हणून तीन खाल्ले तर ते हेल्दी राहत नाही, पण दोन ग्रॅमवाल्या बिस्किटांपेक्षा हे मला हजारपट बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी हे थोडे घट्ट होतात. बंद डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात, नाहीतर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाक, दोन महिने तरी काही होत नाही. खाताना मायक्रोवेव्हमध्ये 10-15 सेकंद, त्याच्यापुढे गेलीस की व्हे पुन्हा आवळलंच म्हणून समज.

आणि हो, नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकवता ते मला दिसतं हां, मी काही बोललो नाही एवढंच. एक करा, साध्या खुर्चीवर बसून हाताची घडी छातीशी घालून पाच वेळा उठा-बसा, आईला घड्याळ लावायला सांगा आणि तिला जवळच उभी राहू द्या. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झाली असू शकते, डॉक्टरही अंदाज घ्यायला हेच करायला लावतात. मग डॉक्टरांना विचारून रोज तेच थोडं थोडं करत जायचं, दोघांनीही. आई, तुलासुद्धा सांगतोय, नुसतं घड्याळ धरून बसू नकोस.

पावडर मी अजून मागवलेली नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याऐवजी उलट मोजूनमापून घ्यावं लागतं, म्हणून मागच्या तपासणीचं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारे आकडे) लिहिलेलं पान फोटो काढून पाठवा, स्पष्ट फोटो, बोट मधे न आणता. ते डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले की लगेच मागवतो. तोपर्यंत आई, व्हेच्या जागी 30 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घालून कर, ती स्वतःच गोडसर असते म्हणून साखर 30 ग्रॅमच घे, डोनटमागे प्रोटीन सहा ग्रॅमच्या आसपास येईल. पण हे मुख्यतः आईने खायचे, बाबांना यातलं लॅक्टोज बाधू शकतं, म्हणून त्यांनी आधी अर्धंच खाऊन बघावं.

तुमचा,
लेक

ता. क. साचा नसेल तर मफिनच्या ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात मधोमध फॉइलची जाड सुरळी करून उभी कर आणि तिलाही तेल लाव. जरा वेडंवाकडं दिसतं पण भोक पडतं. सिलिकॉनचा साचा घेतलास तर तो खाली ट्रे ठेवूनच ओव्हनमध्ये सरकव, हातात धरला की वाकतो आणि पीठ सगळं खाली.