आई आणि नानांना, पासपोर्टबद्दल

ती. आई आणि ती. नाना यांना सा. न. वि. वि.

भाऊ हे पत्र प्रिंट काढून देईल. नाना, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो, मग माझा बदलतो, आणि तुम्ही "बरं ठेवतो, शेतात जायचंय" म्हणता, म्हणून शेवटी लिहूनच काढलं.

माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय. पुढच्या महिन्यात शपथ आहे. ती झाली की मी ब्रिटिश नागरिक होणार, आणि आपल्या 1955च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं, त्यामुळे भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार. तुमच्या जावयांचंही सोबतच आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, सगळं ठरल्यावर सांगतेय, हे मला रोज टोचतं. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुला पटेल ते कर" म्हणाला असतात आणि मग रात्र रात्र ओट्यावर बसून राहिला असतात, आणि आई आतून हाका मारत राहिली असती. ते मला नको होतं.

नाना, तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, तुला तिथे कायम राहायचा परवाना मिळालाय ना मग पुरे की, पासपोर्ट कशाला बदलायचा. तेव्हा पाहुणे बसलेले होते म्हणून मी काही बोलले नाही. आता सांगते.

आधी जिजीच्या शेवटच्या वेळचं. तेव्हा भाऊबंदकीत बऱ्याच जणांना वाटलं की हिला सुट्टी मिळाली नसेल नाहीतर तिकीट परवडलं नसेल. तसं नव्हतं हो. माझा कामाचा व्हिसा वाढवायचा अर्ज गेलेला होता आणि इथला नियम असा की निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असंच धरतात. म्हणजे मी आले असते तर जिजीला पाहता आलं असतं पण परत यायला ना नोकरी ना घर, आणि त्या वर्षी भाऊचं शिक्षण आणि पाइपलाइनचं कर्ज दोन्ही अंगावर होतं. आई, तू फोन तुळशीपाशी टेकवून ठेवायचीस आणि मी इथे ऑफिसच्या जिन्यात बसून सगळं बघायचे. तसं मला पुन्हा बघायचं नाही. ह्याच्यापुढे लिहवत नाही, तुम्ही समजून घ्या.

आणि तो कायमचा परवाना नुसता नावाला कायमचा आहे. सलग 2 वर्षांच्या वर इथून बाहेर राहिलं की तो जातो. त्याच्या आधी नुसता कामाचा व्हिसा होता तेव्हा तर नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा असं होतं, ती वर्षं मी कशी काढली ते आईला थोडंफार माहितीय. आज तुमची शुगर आटोक्यात आहे, आईचे गुडघे बरे आहेत, देव करो असंच राहो. पण उद्या कोणाला माझी गरज पडली, मग वर्ष लागो नाहीतर तीन वर्षं लागोत, मला तुमच्या उशाशी बसून मनात तारखा मोजायच्या नाहीत. पासपोर्ट इथला असला की गावी कितीही दिवस राहून परत येता येतं. तुम्हाला दोघांना कायमचं इकडे आणावं तर त्याचे नियम इतके कडक आहेत की आई-वडिलांना आंघोळ-जेवण सुद्धा स्वतःचं स्वतः जमत नाही आणि तिकडे बघणारं कोणी मिळूच शकत नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि मिळालं तरी नाना केळीचा बाग टाकून येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. मग येणं-जाणं माझ्या बाजूने मोकळं पाहिजे. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे, बाकीची कारणं त्याच्या मागून येतात.

कामाचं पण सांगते, ते पण खरंच कारण आहे. जर्मनीतल्या साइटवर पंप बिघडला की माझ्या शेजारी बसणारी इंग्लिश बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून निघते. मला आधी अपॉइंटमेंट शोधा, बोटांचे ठसे द्या, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, 30,000 युरोचा विमा, 90 युरो फी, आणि मग निकाल येईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे. त्या पंपाचं डिझाइन माझं आहे नाना! पण पंप थांबलेला असतो, त्याला इतके दिवस कोण थांबणार, मग हळूहळू बाहेरच्या कामाला माझं नावच निघेनासं झालं. भारताच्या पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता साठेक देशांत जाता येतं आणि ब्रिटनच्या पासपोर्टवर पावणेदोनशेच्या पुढे. शपथेच्या आदल्या दिवशी मी जी असेन तीच दुसऱ्या दिवशी असणार, तेच शिक्षण, तीच अक्कल, आणि दारं मात्र उघडणार. हा अन्याय आहे. मी पलीकडे गेले तरी तो तसाच राहणार आहे, हे कळूनही मी जातेय.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. आपली केळी सावद्याहून कंटेनरमध्ये भरून आखातात जाते, माल कितीही एक नंबर असो, एक सर्टिफिकेट कमी पडलं की बंदरावर पडून राहतो, माणसांचंही तसंच करून ठेवलंय. आणि हे काही जुनं नाही. 1962 पर्यंत कॉमनवेल्थच्या माणसाला इंग्लंडात यायला-राहायला कायद्याने मोकळीक होती, मग कायदे करत करत आवळत नेलं, आणि 1986 पासून आपल्या माणसाला नुसतं भेटायला यायचं तरी व्हिसा लागायला लागला. सरकारं बसून हे ठरवतात, त्यात माणसाची लायकी कुठेच येत नाही.

हो, त्याच्यावरून आठवलं, मागच्या गल्लीतला तो पोरगा ओमानला ड्रायव्हर म्हणून चाललाय म्हणालात ना, त्याची दहावी झालेली नाही म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर असणार. तसल्या पासपोर्टवर 18 देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते, ओमान त्यात आहे. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नोंदलेला आहे का ते भाऊला बघायला लावा, आणि एजंट "सध्या व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू" म्हणाला तर त्या पोराला जाऊ देऊ नका, त्याच्या बापाला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, तुमचं ऐकेल तो.

आता आजोबांचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय म्हणून आत्तापर्यंत मागे ठेवलं.

1936च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि आजोबा मिसरूड फुटलेलं नसताना बैलगाडीत बसून गेले आणि नेहरूंना लांबून पाहून आले, हे ऐकत ऐकतच आम्ही दोघं मोठे झालो. त्यांची नात इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणार आहे. शपथेत राजा चार्ल्सचं नाव आहे, तुमच्यापासून लपवत नाही. देवाचं नाव घेऊन शपथ घ्या नाहीतर न घेता प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं, मी प्रतिज्ञा करणार आहे. त्याच्या पुढे इथल्या लोकांच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा मान राखीन, लोकशाही जपीन, कायदे पाळीन असं म्हणायचं असतं, आणि तेवढं मी अगदी मनापासून म्हणू शकते, आपल्या घरात तरी दुसरं काय शिकवलं होतं. आजोबा असते तर काय म्हणाले असते हे मला ठरवता येत नाही. नाना, तुम्ही त्यांच्याजवळ होतात, तुम्ही मला सांगा. वाईट वाटलं असेल तर तेही सांगा, फक्त गप्प बसू नका.

मतदानाचं तुम्हाला लागणार हे माहितीय. रावेरच्या यादीतून माझं नाव काढावं लागेल, त्याचा 7 नंबरचा फॉर्म असतो तो भाऊ भरेल. इथलं मत मात्र मी भारताच्या पासपोर्टवरच देत आलेय, कॉमनवेल्थमधल्या, इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला तो हक्क आहे, त्यामुळे मतासाठी काही मी हे करत नाहीये.

शेतीतून माझं नाव जाईल का असं आईने त्या दिवशी हळूच विचारलं. नाही जात. मला नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसाने येणारी येऊ शकते. तरी सातबाऱ्याचं आत्ता काही करू नका, कोणी काही सांगेल, घाबरवेल, सही मागेल, कुठेही सही करायची नाही. ते बांधाचं प्रकरण भाऊच्या मनाने मिटू द्या, त्यात मी काहीच म्हणणार नाही आणि तुम्हीही आता सोडून द्या.

भारतात यायला मला ओसीआय कार्ड मिळेल. आयुष्यभराचा व्हिसाच समजा, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसात नोंद नको. ब्रिटिश पासपोर्टवर बाकी अर्धं जग मोकळं पण भारतात यायला व्हिसा लागतोच, म्हणून हे कार्ड. माझ्याच घरी यायला कार्ड, हे मलाही बोचतं, आई.

माझी काळजी करू नकोस. घरात हीटर चांगला आहे, अंघोळीला चोवीस तास गरम पाणी, ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात मिळतं, कळण्याचं तू दिलेलं डब्यात अजून आहे आणि मी ते पुरवून पुरवून वापरतेय. जावई पोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या करतात. फक्त वांग्याचं काही जमत नाही, बामणोदचं वांगं आणि पऱ्हाटीवर भाजणं ते इथल्या गॅसवर कसं होणार. थंडीत शेतात भरीत असायचं आणि मी जेवून तिथेच पेंगायचे, मग नाना मला गाडीत केळीच्या पानांवर झोपवून आणायचे, अंगावर तुमचं उपरणं, आणि घर आलं तरी मी मुद्दाम डोळे उघडायचे नाही म्हणजे तुम्ही उचलून आत न्याल. तुम्हाला माहीत होतं मी जागी आहे. तरी उचलायचात. माझ्या मनात मी तीच आहे, कागदावर काहीही लिहू दे कोणी.

आता ऐका आणि वाद घालू नका.

नाना, रात्रीची लाइट असते तेव्हा मोटर चालू करायला तुम्ही जायचं नाही. ऑटो बसवून दिलंय ते कशासाठी. बिघडलं तर सालदाराला पाठवा, नाहीतर एक दिवस पाणी राहू द्या, बाग एका रात्रीत वाळत नाही. अंधारात पायाखाली काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वैशाखात 11 ते 4 शेतात दिसलात तर भाऊ मला कळवणार आहे, 45 डिग्रीत डोक्यावर नुसता रुमाल बांधून भागत नाही. तीन महिन्यांची शुगरची टेस्ट चुकवायची नाही आणि रोज रात्री पाय धुऊन तळवे आईला दाखवायचे, जखम झाली तर तुम्हाला कळत नाही, डॉक्टर बोलले होते ना.

आई, मोतीबिंदूचं पुढे ढकलू नकोस. "आखाजी झाली की बघू, कानबाई झाली की बघू" हे मी तीनदा ऐकलं. ऑपरेशनचे पैसे भाऊच्या खात्यावर टाकलेत, ते दुसऱ्या कुठल्या कामाला वळवायचे नाहीत, टिनच्या शेडला तर मुळीच नाही. आणि बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शपथ झाल्यापासून नवीन पासपोर्ट हातात येईपर्यंत काही आठवडे जातील, तेवढ्या दिवसांत मला कुठल्याच पासपोर्टवर प्रवास करता येणार नाही. तेवढे दिवस दोघांनी जास्तच जपायचं, भाऊलाही सांगितलंय की दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि महिन्यातून दोनदा पुण्याहून चक्कर मारायची. पासपोर्ट आला की ओसीआयचा अर्ज, त्यालाही वेळ लागेल, पण मध्येच यायची गरज पडली तर ई-व्हिसा काढून येता येतं, त्याची चौकशी मी करून ठेवलीय.

आखाजीला मी येतेय, भरपूर दिवस येतेय. खापरावरच्या मांड्यांचा घाट आई एकटीने घालू नकोस, मावशीला बोलाव. नाना, वाचून झालं की मला फोन करा, आईला जवळ बसवून करा, आणि शुगरचा मागचा रिपोर्ट भाऊच्या मोबाइलवरून आजच पाठवा, जेवणाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

तुमची,
छोटी