खडकांना सातबारा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालघर जिल्ह्यातलं वाढवण बंदर भर समुद्रात भराव टाकून होणार, त्यामुळे कुणी विस्थापित होणार नाही, असं वारंवार छापून येतं. म्हणून हे पत्र.

मी वाढवणशेजारच्या वरोरची, मांगेला या मच्छीमार समाजातली. आमच्याकडे होडी कधीच नव्हती. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडक उघडे पडले की आई कालवं काढायला जायची, पुढे मीही जाऊ लागले. हातात लोखंडी आकडी, कमरेला पिशवी. पाणी चढायच्या आत जेवढं जमेल तेवढं. आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकं त्याच कालवांवर आली. शेवंडही याच खडकांच्या कपारीत राहते. शंखोदर तर आमचं तीर्थ, तेही या समुद्रातलंच.

मागे एकजण घरोघरी यादी करायला आला. होडीचा नंबर विचारला. नाही म्हटलं. जमीन? तीही नाही. त्याने पान उलटलं आणि शेजारी गेला. म्हणजे कागदावर माझं काहीच बुडत नाही! खडकांना सातबारा नसतो, पण कुठल्या कपारीत काय मिळतं हे आम्हा बायकांना पाठ आहे.

१,४४८ हेक्टर भराव पडला की पाण्याची ओढ बदलणार. गाळ आमच्या खडकांवर बसला तर कालवं गुदमरून मरतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

१९९१ साली केंद्रानेच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष असताना १९९८ मध्ये याच वाढवणच्या बंदराला नकार मिळाला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून होकार दिला. खडक तेच, भरती-सुकती तीच. मग बदललं काय? मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

मला हे बंदर नकोच आहे. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' म्हणत मीही रस्त्यावर बसले आहे. पण निदान पायी जाऊन मासळी वेचणाऱ्या बायकांची मोजणी झाल्याशिवाय समुद्रात एक दगडही पडू नये.

आपला बातमीदार येत्या अमावस्येला पहाटेच्या सुकतीला वरोरला पाठवा. चप्पल घालून येऊ नये, कालवांच्या धारेने पाय कापतात. जाड तळाचे बूट हवेत.

– एक मच्छीमार महिला, वरोर (ता. डहाणू, जि. पालघर)