सगळ्या रिमेकना एकाच काठीने हाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हॉरर रिमेकवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की जुने गाजलेले भयपट म्हणजे देवघरातले टाक, त्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि लावणारे फक्त पैशासाठी लावतात. आता पैशासाठी लावतात हे मान्य, पण मूळ सिनेमे काय धर्मादाय म्हणून काढले होते का?

लेखात सगळा भर 'सायको'वर आहे. हिचकॉकचा १९६० चा, आणि गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये जवळजवळ शॉटला शॉट लावून काढलेला रंगीत. तो फसला याबद्दल वादच नाही. बर्नार्ड हर्मनचं संगीत तेच, पटकथा जवळपास तीच, बदल काय तर हिरॉइन चोरते ते चाळीस हजार डॉलर महागाईप्रमाणे चार लाख केले! पण हे एक उदाहरण घेऊन अख्ख्या रिमेक जमातीला झोडपणं जरा जास्तच सोपं झालं. 'सायको'मध्ये करायचं काही शिल्लकच नव्हतं, म्हणून तो पडला. माझं म्हणणं एवढंच आहे की मूळ सिनेमात काही राहून गेलंय का ते आधी बघा, राहिलं असेल तर रिमेकला अर्थ आहे, नाहीतर नाही.

आणि राहून गेलेलं काढायचं म्हणजे काय ते बघायचं असेल तर जॉन कार्पेंटरचा १९८२ चा 'द थिंग' बघा, लेखात त्याचं नावसुद्धा नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. मूळ गोष्ट जॉन कॅम्पबेलची, १९३८ ची. बर्फात अडकलेली माणसं, आणि त्यांच्यात एक परग्रहावरचा जीव घुसलाय जो कोणाचंही रूप घेऊ शकतो, म्हणजे शेजारी बसलेला आपला मित्र खरंच मित्र आहे का हेच कळायला मार्ग नाही. १९५१ मध्ये हॉवर्ड हॉक्सने यावर सिनेमा काढला, चांगला आहे, संवाद एकदम फास्ट, पण त्यात नेमकी ही रूप बदलायची भानगडच काढून टाकली आणि एक उंचापुरा माणूस मेकअप करून राक्षस म्हणून उभा केला. तेव्हाच्या साधनांत ते पडद्यावर दाखवायचं कसं हाही प्रश्न असणारच. म्हणजे गोष्टीतली खरी भीती तीस वर्षं तशीच पडून होती. कार्पेंटरचं त्या जुन्या सिनेमावर प्रेम होतं हे वेगळं सांगायला नको, त्याच्याच १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये मुलं टीव्हीवर तोच बघत बसलेली असतात. पण रिमेक करताना त्याने सिनेमाची कॉपी केली नाही, तो सरळ गोष्टीकडे गेला.

त्यातला रक्ताच्या टेस्टचा सीन आठवा. सगळ्यांना बांधून ठेवलंय, प्रत्येकाचं रक्त वेगवेगळ्या बशीत, आणि नायक कर्ट रसेल तांब्याची तार तापवून एकेका बशीत बुडवतोय. चर्र आवाज झाला की तो माणूस सुटला. आपला संशय असतो बेसच्या कमांडरवर, कर्ट रसेल त्यालाच म्हणतो तुझं शेवटी बघू, आणि हे बोलता बोलता सहज म्हणून भलत्याच माणसाच्या बशीत तार घालतो आणि ते रक्त किंचाळत उडतं. मी हा सीन कितीदा बघितला असेल, येणार हे माहीत असून दचकतो. हे १९५१ च्या सिनेमात असूच शकत नव्हतं.

गंमत म्हणजे तेव्हा हा सिनेमा आपटला. स्पिलबर्गचा 'ई.टी.' दोनच आठवडे आधी आला होता, लोकांना परग्रहवासी गोड हवा होता, समीक्षकांनीही शिव्या घातल्या. आज तोच क्लासिक, आणि आज तुमचे लेखक म्हणतात क्लासिकला हात लावू नका! १९८२ मध्ये कोणी हे ऐकलं असतं तर?

२०११ मध्ये त्याच नावाने पुन्हा एक आला, कथेच्या आधीची कथा म्हणून. त्याच्यासाठी खरेखुरे पुतळे, यांत्रिक राक्षस बनवले होते आणि नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर कॉम्प्युटर ग्राफिक्स फासले. इथे मात्र लेखकाशी शंभर टक्के सहमत.

आपल्याकडचंच बघायचं तर फाझिलचा १९९३ चा मल्याळम 'मणिचित्रताळ', ज्याच्यासाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचे कन्नड, तमिळ, बंगाली आणि हिंदी रिमेक झाले, आपण बहुतेकांनी विद्या बालनचा 'भूलभुलैया' पाहिलाय. मूळ सिनेमात भीती कुठे आहे, तर मल्याळी घरातली सून स्वतःला जुन्या काळची एक तमिळ नर्तकी समजून अचानक तमिळ बोलायला लागते तिथे. मग तमिळ रिमेकमध्ये काय करणार? तिथे नर्तकी तेलुगू केली, हिंदीत बंगाली. बायको एका हाताने पलंग उचलते त्याहून नवऱ्याला जास्त हादरा तिच्या तोंडच्या अनोळखी भाषेचा बसतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांचे रिमेक चालले. 'भूलभुलैया'चा दिग्दर्शक प्रियदर्शन तर मूळ सिनेमाच्या सेकंड युनिटवर, म्हणजे काही सीन वेगळे घेणाऱ्या दुसऱ्या टीमवर होता, त्याला हे बरोबर माहीत. ('भूलभुलैया'चे पुढचे भाग मात्र कॉमेडीच जास्त, त्यांचं नाव नको.)

मराठीतही 'लपाछपी' झाला, विशाल फुरियाने स्वतःच २०२१ मध्ये त्याचा हिंदीत 'छोरी' केला. ऊस, गरोदर बाई, ते घर, सगळं तेच. हिंदीवाल्यांपर्यंत गोष्ट पोचली हे चांगलंच झालं, पण आपण 'लपाछपी' पाहिला असेल तर 'छोरी' बघायची गरज नाही असं माझं मत.

आता रिमेकच करायचा तर माझी एक सूचना आहे, पुरवणीत छापलीत तर बरं होईल. रॅमसे बंधूंचा १९८४ चा 'पुराना मंदिर' घ्या. एका घराण्याला शाप आहे की घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार, आणि शाप देणाऱ्या सामरी नावाच्या राक्षसाचं मुंडकं एकीकडे नि धड दुसरीकडे ठेवलंय. काय जबरदस्त कल्पना आहे ही! ज्या मुलीला हे कळतं तिने लग्न करायचं की नाही, मूल होऊ द्यायचं की नाही, यावरच अख्खा सिनेमा उभा राहील. पण रॅमसेंनी मध्येच जगदीपची 'शोले'ची नक्कल घुसवली आणि बाईची भीती राहिली बाजूला. असे सिनेमे पडलेत ढिगाने, त्यांना कोणी हात लावत नाही. लावा म्हणावं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
नाशिक