मामा, तुमची काकवी अजून पिंपात आहे

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, चा सांग" म्हणून विषय मोडता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. वाचणाऱ्यांत कुणी पंपवाला, गॅरेजवाला, लेथवाला निघाला तर त्याचंही काम होईल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझं शेतीपंप आणि मोटार दुरुस्तीचं दुकान कोल्हापूरजवळच्या चिखलीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. दुसऱ्या खेपेला दुकानात शिरलं आणि उतरताना गाळ ठेवून गेलं. पाने, पुल्या, नटबोल्टांचे डबे, गिऱ्हाइकांच्या मोटारी, सगळ्याचा रंग एकच. मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतले, जुने फिटर. आमची ओळख बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) लेथवर टर्न करून घ्यायला जायचो तेवढीच. पण रस्ता सुरू झाला तसे ते आपणहून आले, बाह्या दुमडूनच.

मामा, आल्याआल्या तुम्ही ओरडलात ते आठवतंय. पोरं हत्यारं उन्हात मांडत होती. "वाळू देऊ नगा!" गाळ वाळला की चिकटून बसतो आणि ओलं लोखंड हवेत उघडं पडलं की तासाभरात लाल व्हायला लागतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी पिंपात केलं आणि लोखंडाचं सगळं त्यात बुडवून ठेवलं. सोड्याच्या पाण्यात गंज लवकर धरत नाही, म्हणजे एकेक वस्तू सवडीनं काढून घासता येते. दुकान वाचलं ते त्या पिंपांमुळं.

मग बोल्टांकडं वळलो. एकेक बोल्ट ब्रशनं घासायचा म्हटलं असतं तर दिवाळी आली असती. शेजारच्या बांधकामावर काँक्रीट मिक्सर उभा होता. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्यात बोल्ट, वाळू आणि सोड्याचं पाणी टाकून तो फिरवायला लावलात. आवाज असा की गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर आली. पण बोल्टांनी बोल्ट घासले गेले, वाळू आट्यांत शिरली, आणि गाळण्यावर ओतल्यावर निम्म्याहून जास्त माल वापरण्याजोगा निघाला.

ज्यांना जुना गंज होता त्यांच्यासाठी तुम्ही गुऱ्हाळावरून गेल्या हंगामातली आंबलेली काकवी आणलीत. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, आणि आठ-पंधरा दिवस विसरून जायचं. गंज सुटतो, चांगलं लोखंड जवळजवळ तसंच राहतं. वास मात्र असा की बायकोनं दोन घरं पलीकडं पिंप हलवायला लावलं. अॅल्युमिनियमचं काही त्यात टाकायचं नाही हे तुम्ही खडूनं पिंपावर लिहिलंत, ते अक्षर अजून आहे.

या सगळ्याच्या मुळाशी तुमचं एकच वाक्य. "आदी घाण कुटं पडणार त्ये ठरीव, मग हात लाव." मी आजवर उलटं करायचो, म्हणजे सगळेच करतात तसं: आधी काम, मग पसारा आवरणं. तुम्ही स्पीकरचा लोहचुंबक गोकुळच्या रिकाम्या दुधाच्या पिशवीत घालून लोखंडाचा कीस उचलायचात आणि पिशवी उलटी केली की कीस आत, चुंबक स्वच्छ बाहेर. भोकात आटे पाडायला टॅप मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरायचात, चुरा त्यालाच चिकटून यायचा, भोकात पडायचा नाही. कामाआधी साबणाच्या वडीवर नखं ओरबाडायची, म्हणजे नखांत आधीच साबण बसतो आणि ग्रीसला जागा उरत नाही. रात्री जेवताना याचं महत्त्व कळतं.

बंद भोकातला बुश काढायची तुमची रीत मी आता प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. बाहेरून पकडायला जागा नाही, मागून ठोकायला वाट नाही. ओल्या वर्तमानपत्राचे बोळे भोकात ठासून भरायचे, बुशाच्या आतल्या मापाची, घट्ट बसणारी सळी घालायची आणि हातोडा मारायचा. कागदाला जायला दुसरी वाट नसते, तो बुशाच्या मागं शिरतो आणि त्यालाच बाहेर ढकलतो. ग्रीसनंही होतं, पण तोंडावर उडतं. कागदाचं तसं नाही.

मोटारी वाळवायला जुन्या लोखंडी कपाटात पिवळे बल्ब लावायची कल्पनाही तुमचीच. गोड्या पाण्यानं धुवायचं, कपाटात ठेवायचं, वरचं भोक उघडं ठेवायचं म्हणजे वाफ निघून जाते, आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मेगाओमच्या वर दाखवेपर्यंत करंट द्यायचा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करत असताना हे पाळणं कठीण. तुम्ही त्यांना शिव्या घालून परत पाठवलंत, मला तर ते जमलंच नसतं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही, रागावू नका. मोटारीतलं जळालेलं वाइंडिंग, म्हणजे तारांचं वेटोळं, काढायला डिझेल ओतून पेटवायची उद्यमनगरी पद्धत मी बंद केली. धूर वाईट असतोच, वर जास्त तापलं की स्टॅम्पिंगमधलं, म्हणजे कोअरच्या पत्र्यांमधलं, इन्सुलेशन जातं आणि मोटार पुढं आयुष्यभर गरम चालते. आता छिन्नीनं एका बाजूच्या तारा कापतो आणि दुसऱ्या बाजूनं ओढून काढतो. वेळ जातो, हातही दुखतात. यावर तुमच्याकडं काहीतरी तोड असणारच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. रस्सामंडळ, म्हणजे मटणाच्या रश्शाची पंगत, ठरवलं तर "पथ्य हाय" म्हणालात. आता एका साखर कारखान्याचा गिअरबॉक्स आलाय, आत जुनं गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) दगडासारखं बसलंय, आणि खरवडताना ते तुकडे गिअरमध्ये पडू नयेत असं काय लावावं ते मला सुचत नाहीये. रविवारी या. गाडी पाठवतो, जेवण घरीच, बिनतिखटाचं.

तुमचा,
चिखलीचा पंपवाला